चाळीस कोस्टर आणि चौदा नंदी

नागपूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते.

ताई ३८ वर्षांच्या, हिंगणा एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहेत. मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये राहतात. पती राज्य सरकारी कार्यालयात, मुलगा तिसरीत, सोबत सासूबाई. दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी लाकडावर अक्षरं कोरणारं दहा वॅटचं डायोड लेसर मशीन घेतलं आणि गॅलरीत मांडलं. गेल्या तान्ह्या पोळ्याला (आपल्याकडचा मुलांचा पोळा, लाकडी नंदी ओढत मिरवायचा) मुलाच्या लाकडी नंदीच्या फळीवर त्याचं नाव कोरलं. सोसायटीत त्याचं फार कौतुक झालं आणि तसे चौदा नंदी त्यांनी प्रत्येकी ६५० रुपयांना करून दिले. संक्रांतीला चुलत बहिणीने हळदीकुंकवाच्या वाणासाठी चाळीस कोस्टर (कपाखाली ठेवायच्या चकत्या) मागितले, ते ४५ रुपयांना एक असे दिले. आता भाऊ म्हणतो, दोन लाखांचं कर्ज काढ, मोठं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीचं लेसर) मशीन घे, महालातल्या आपल्या घराची तळमजल्याची खोली रिकामीच आहे, वर्षभरात नोकरी सोडशील. धंदा भाऊजींच्या नावावर कर, सरकारी पगार दाखवला की कर्ज लवकर होतं. पतीचं म्हणणं वेगळं: हौस आहे तर हौसच राहू दे, घरभर पसारा होतो आणि आईला धुराने खोकला येतो.

ताई विचारतात, "एवढं शिकले, एवढे पैसे घातले, त्याचा धंदा केला नाही तर सगळं वायाच गेलं ना? पण नातेवाइकांकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. मोठं मशीन घेऊ की नको?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या ओळी मी मोजल्या. नंदीवर अकरा ओळी आहेत. इतवारीतून बिनरंगाचा नंदी कसा शोधून आणला, फळी आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने कशी घासली, नावाभोवतीची वेल आजीच्या लुगड्याच्या काठावरून कशी उचलली, आणि तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा बोजारा (घरोघरी मिळणारी पोळ्याची भेट) मागून आल्यावर नंदी उशाशी घेऊन कसा झोपला. कोस्टरवर एकच ओळ: "कसेबसे दिले एकदाचे." मोठ्या मशीनवर सहा ओळी, आणि त्या सहाही भावाच्या तोंडच्या.

म्हणून मशीनचं नंतर बोलू. आधी त्या एका ओळीचं बोलू, कारण भाऊ ज्या धंद्याचं चित्र रंगवतो आहे तो कोस्टरचा धंदा आहे. एकसारखे नग, भरपूर नग, कमी भाव. मोठं मशीन लागतं ते त्यासाठीच.

तुम्ही हिशेबात मुरलेल्या आहात, तरी हा एक हिशेब पत्रात मांडला नाहीत, म्हणून तुमच्याच आकड्यांवरून मांडते. कोस्टरला साहित्य १८ रुपयांचं, विकला ४५ला. एका नगामागे २७, चाळीस नगांचे १,०८०. पाच नग बिघडले, त्यांचे ९० गेले. उरले ९९०. आता तास. एका नगाला नऊ मिनिटं म्हणजे मशीनचे सहा तास, घासणं, मास्किंग टेप लावणं, काढणं, पुसणं यांचे निदान सहा, बहिणीने तीनदा डिझाइन बदललं त्याचे तीन, पॅकिंगचे दोन. सतरा तास. तासाला ५८ रुपये पडले, आणि तेही रात्री साडेदहानंतर जागून.

नंदीचं बघा. नंदी २८०ला, वरची प्लायची झूल आणि पॉलिश मिळून ४०. ६५०मधून ३३० उरले आणि तुमचा दीड तास गेला. तासाला २२०. त्याच मशीनवर, त्याच गॅलरीत, त्याच हातांनी जवळपास चौपट. आणि नंदी घेणाऱ्यांपैकी एकानेही घासाघीस केली नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे.

दोन लाखांचं कर्ज बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला ६,६४०च्या आसपास बसतो. २७ रुपयांच्या हिशेबाने नुसता हप्ता फेडायला महिन्याला २४६ कोस्टर हवेत, म्हणजे रोज आठ, रविवार धरून. मोठं मशीन भराभर कोरेल हे खरं, पण घासायला, पुसायला, गुंडाळायला हात तुमचेच राहणार. आणि २४६ कोस्टर घेणारी माणसं कुठली, याचं उत्तर भावाच्या बोलण्यात मला सापडलं नाही.

सीओटू मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या डायोडचा निळा प्रकाश पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ पार जातो, त्यामुळे ते कापता येत नाही. सीओटू ते सहज कापतं. पण त्याची काचेची नळी पाण्याने गार ठेवावी लागते, ते पाणी साधारण विशीच्या अंशांत राहायला हवं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. साध्या बादलीतल्या पंपावर नागपूरच्या उन्हाळ्यात ती नळी फार दिवस टिकणार नाही. म्हणजे चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) आला, त्याचे पैसे वेगळे, त्याचं वीजबिल वेगळं. ॲक्रिलिक कधीमधी लागलंच तर बोर्ड आणि नेमप्लेट बनवणाऱ्यांकडे ही मशीनं असतात, ते जॉबवर्क करून देतात. फाइल तुमची, कापणं त्यांचं. वर्षभर तसं करून पाहा. जॉबवर्कचं बिल महिन्यामागून महिना हप्त्याच्या वर जायला लागलं तर मशीनचा विचार करा. तोवर कर्जाची गरज मला दिसत नाही.

आता सासूबाईंचा खोकला. पत्रात तो ओघात, पतीच्या तक्रारीत आला आहे, पण माझ्या लेखी तो सगळ्यात वर आहे. कोस्टर तुम्ही एमडीएफचे केलेत. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद. तो जळला की त्याचा धूर आणि त्यातले बारीक कण छातीत जातात. गॅलरीचं दार उघडं ठेवणं पुरेसं नाही, वारा फिरला की धूर घरातच येतो किंवा वरच्या मजल्यावर. मशीनला बंद पेटी, तिला एक्झॉस्ट पंखा आणि बाहेर जाणारा पाइप, हे झाल्याशिवाय घरात एकही ऑर्डर घेऊ नका. रेक्झिन, व्हिनाइल, पीव्हीसी मशीनखाली कधीच घालू नका, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. त्यातून निघणारा क्लोरीनचा आम्लधर्मी वायू फुप्फुसाला आणि मशीनलाही खातो. मुलगा आसपास असतो, म्हणून मशीनच्या निळ्या प्रकाशासाठी बनवलेला चष्मा प्रत्येकाला हवा. साधा काळा गॉगल इथे उपयोगाचा नाही. आणि मशीन चालू असताना कुकर लावायला आत जाऊ नका. लाकूड पेटायला अर्धा मिनिट पुरतो.

अजून एक, नागपुरातच सुचणारी गोष्ट. उन्हाळ्यात आपण कूलर लावतो आणि त्याचा झोत नेमका गॅलरीकडून येतो. त्या दमट हवेत पातळ प्लाय दोन दिवसांत वाकते, वाकली की मध्ये फोकस सुटतो, आणि नाव एका बाजूला काळंकुट्ट, दुसऱ्या बाजूला पुसट येतं. बिघडलेल्या पाच नगांत असे किती होते ते आठवून पाहा. प्लाय सपाट फळ्यांमध्ये दाबून, कूलरपासून लांब ठेवा आणि सध्या काम सकाळी सहा ते आठमध्येच करा.

यावर एक उपाय तुमच्या पत्रातच आहे. भावाला सांगा, दोन लाख नकोत, खोली दे. महालातल्या त्या खोलीत हेच मशीन हलवा, खिडकीत पंखा बसवा, आणि आठवड्यातून दोनच दिवस जा, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी. घर मोकळं होईल, सासूबाईंना त्रास होणार नाही, आणि "आज रात्रीच करून दे ना" म्हणणाऱ्यांना सांगायला खरं कारण मिळेल. लकडगंजही तिथून फार लांब नाही. सागवानाच्या वखारींमध्ये लहान तुकडे उरतात, ते एमडीएफपेक्षा कितीतरी चांगले. सागवान तेलकट, त्यावर कोरीव काम गडद उतरतं पण धुराचे डाग लवकर पडतात, टेप लावल्याशिवाय करू नका. शिवण मिळाली तर तीही घ्या. फिकट लाकडावर अक्षर उठून दिसतं.

आता नंदी. एक गोष्ट तुम्हाला बहुधा माहीत नसेल, आणि तुमच्यासारख्या अनेकींना नसते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. चाकांचा नंदी मुलांनी ओढायचा, म्हणजे तो खेळण्यात धरला जाऊ शकतो. तुम्ही तो विकत आणून, त्यावर काम करून स्वतः विकत राहिलात तर उद्या अडचण येऊ शकते.

माझी सूचना अशी, की नंदी विकूच नका. लोकांना त्यांच्या घरचा नंदी आणू द्या. आपल्याकडे भोसल्यांच्या काळापासून तान्हा पोळा चालत आला आहे आणि कित्येक घरांत बापाचा नंदी मुलाकडे येतो. माळ्यावरून उतरवलेला, एका चाकाने लंगडा झालेला तो नंदी. त्याच्या फळीवर आधी आजोबांचं, मग बाबांचं, मग या वर्षी पहिल्यांदा दोरी धरणाऱ्या मुलाचं नाव. हे काम तुमच्याइतक्या मायेने करणारं मला दुसरं कोणी माहीत नाही. वस्तू त्यांची, तुम्ही फक्त कोरण्याचे पैसे घ्यायचे. भांडवल अडकत नाही, इतवारीच्या चकरा वाचतात, न विकलेला माल उरत नाही. जुना रंग असेल तर तो खरवडताना मात्र मास्क लावा आणि फळी ओली करून घासा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. रंग पूर्ण निघाल्याशिवाय लेसर लावायचा नाही.

हे काम वर्षातून एकदाच येतं, हे मला कळतं. पण त्याच्या जातीची बाकीची कामं वर्षभर असतात. बारशाला पाळण्यावर लावायची नावाची पाटी. बेसा-मनीषनगरकडे रोज कुणी ना कुणी नव्या घरात जातं, त्यांच्या दारावरची पाटी. रुखवतातला एखादा खास नग. एक नाव, एक घर, एक वस्तू.

आणि इथे तुमच्याकडे एक कसब आहे ज्याचा तुम्ही पत्रात उल्लेखसुद्धा केलेला नाही. पत्रासोबतच्या फोटोत 'सौरभ' हे नाव प्लायमधून कापलेलं आहे आणि ते अखंड आहे. इंग्रजी नाव कापलं की एकेक अक्षर सुटं पडतं, त्याला खालून पट्टी द्यावी लागते. मराठी नावाला शिरोरेषा धरून ठेवते असं सगळ्यांना वाटतं, पण ध, भ, थ आले की शिरोरेषा तुटते. 'सौर' एकीकडे आणि 'भ' दुसरीकडे पडायला हवा होता. तुम्ही त्या 'भ'ची गाठ मागच्या अक्षराला इतक्या बेताने टेकवली आहे की ती तशीच लिहितात असं वाटावं. अनुस्वारही असाच सुटून पडतो, तोही असाच शिरोरेषेला चिकटवावा लागतो. बाजारातल्या कितीतरी पाट्यांवर ही अक्षरं चुकीच्या जागी जोडलेली दिसतात, जोडाक्षरं तर सॉफ्टवेअरमध्ये फुटून पाय मोडलेली. माझ्या एका नातेवाइकांच्या दारावर तशी पाटी सात वर्षं आहे, आणि दर वेळी बेल वाजवताना माझी नजर त्या फुटक्या 'श्री'वर जाते. चांगली मराठी पाटी करून देणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव झालं तर कोस्टर विकणाऱ्यांशी तुमची तुलनाच होणार नाही. मुक्ता, बालू हे फॉण्ट खुल्या परवान्याचे आहेत, विक्रीच्या कामातही वापरता येतात. अक्षरं इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये जुळवा, तिथेच त्यांची बाह्यरेषा करून घ्या आणि मगच मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या, म्हणजे जोडाक्षर फुटणार नाही. कार्टूनमधली पात्रं आणि क्रिकेट संघांची चिन्हं कोरून मागतील. त्यांना नाही म्हणा, ते हक्क दुसऱ्यांचे आहेत.

प्रत्येक नावाचं चित्र आधी व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "बरोबर आहे" असं त्यांच्याकडून लिहून आल्याशिवाय मशीन सुरू करू नका. ऋचा की रुचा, हे आईबापच सांगू शकतात. कोरलेलं खोडता येत नाही.

नातेवाइकांच्या पैशांचं. जीभ रेटत नाही हे मी समजू शकते. आपल्याकडे बहिणीला भाव सांगणं जड जातं. पण तुम्ही पैसे मागितले नाहीत असंही झालं नाही. ४५ रुपये मागितलेत, आणि त्यात बहीणही खूश नाही (तिला फुकटच मिळतील असं वाटलं होतं) आणि तुम्हीही नाही. त्यापेक्षा सरळ दोन गोष्टी वेगळ्या करा. भाचीच्या बारशाला पाटी द्यायची आहे? मनापासून द्या, रुपयासुद्धा घेऊ नका. पण एकाहून जास्त नग मागितले, किंवा तारीख ठरवून मागितले, की ते काम झालं. तेव्हा म्हणा, "अगं, एक माझ्याकडून भेट. बाकीच्यांचा दर असा असा आहे, आणि अर्धे आधी पाठवते का?" दर छापील ठेवा, एका कागदावर, फोनमध्ये त्याचा फोटो. मोठ्याने आकडा बोलण्यापेक्षा फोटो पाठवणं सोपं जातं, हे मी अनेकींकडून ऐकलं आहे. वाणाचे कोस्टर पुन्हा घ्यायचेच असतील तर तुमचा तास निदान दीडशेचा धरून दर काढा. सतरा तासांचे २,५५०, साहित्य आणि बिघाडाचे ८१०; चाळीस नगांत वाटले तर एक ८४ रुपयांचा होतो. तेवढे द्यायला बहीण तयार नसेल तर तिला दुसरीकडे स्वस्त मिळतील, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. धंदा पतींच्या नावावर करू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय व्यापार करता येत नाही. कुटुंबातलं कोणी धंदा करत असेल तर तेही कार्यालयाला कळवायचं असतं. म्हणजे तुमच्या नावावर केलात तरी त्यांना एक अर्ज द्यावा लागेल, तो द्या आणि मोकळ्या व्हा. तुमच्या स्वतःच्या नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय करायला मनाई आहे का, हे आजच पाहा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) आधारवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. जीएसटी तुमच्या उलाढालीला लांब आहे: आपल्या राज्यात वस्तूंसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा झाला तर मात्र आधी सीएला विचारा. मिळालेला नफा प्राप्तिकराच्या विवरणात दाखवायचा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

राहिला तुमचा पहिला प्रश्न, धंदा नाही केला तर वाया गेलं का. शेजारच्या काकू पंधरा वर्षं हार्मोनियम शिकतात, त्यांना कोणी विचारत नाही की पैसे वसूल कधी होणार. मशीनला मात्र हा प्रश्न विचारला जातो, बहुधा ते विजेवर चालतं आणि त्यातून वस्तू निघते म्हणून. तुमच्या मुलाच्या नंदीवरची वेल ज्या रात्री तुम्ही काढलीत त्या रात्री ते मशीन वसूल झालं असं मला वाटतं. पती म्हणतात तसं ते फक्त घरापुरतं ठेवणं हाही पूर्ण मार्ग आहे. पण त्यांनाही एक विचारून बघा: त्यांची हरकत धंद्याला आहे की धुराला आणि पसाऱ्याला? पत्रावरून मला दुसरं वाटतं. तसं असेल तर महालातल्या खोलीने अर्धा वाद मिटेल. नोकरी सोडण्याची गोष्ट मात्र यंदा कोणी काढली तरी थांबवा. चौदा नंदी आणि चाळीस कोस्टर एवढ्या अनुभवावर पगार सोडायचा नसतो.

या वर्षी एवढं करा. जूनच्या आत खोली आणि पंखा. जुलैमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर आणि मुलाच्या शाळेतल्या आयांना कळवा, की घरचा नंदी आणा, नाव कोरून देते, पंचवीसच घेणार, पोळ्याच्या दहा दिवस आधी यादी बंद. त्यातले निदान दहा जण तुम्हाला न ओळखणारे असायला हवेत. ओळखीच्या माणसाचं कौतुक आणि अनोळखी माणसाचा ॲडव्हान्स यात फार अंतर असतं, आणि ते या पंचवीस नंदींत तुम्हाला कळेल. प्रत्येकाचे तास वहीत लिहा. तान्हा पोळा झाला की ती वही मला पाठवा. आणि शक्य असेल तर तो 'भ' जवळून दिसेल असा एक फोटो.